सिंगल फेजवर थ्री फेज मशीन चालते का? गडचिरोलीच्या टोल्यापासून बल्लारशाच्या रेल्वे इंजिनापर्यंत

समजा, धानोरा तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावरच्या चार पोरांनी बांबूच्या पट्ट्या काढायची जुनी मशीन नागपूरहून विकत आणली. टेम्पोचं भाडं भरलं, शेडमध्ये ओटा बांधून मशीन बसवली, वायरमनला बोलावलं. वायरमनने मोटरवरची पत्र्याची पाटी वाचली आणि विचारलं, "अरे, ही थ्री फेज आहे. तुमच्याकडे लाइन कोणती?"

टोल्यावर बल्ब पेटतो, पंखा फिरतो, टीव्ही चालतो, मोबाइल चार्ज होतो. कागदावर गावाचं विद्युतीकरण झालेलं आहे. पण दारापर्यंत आलेली लाइन सिंगल फेज आहे. त्यावर ही मोटर जोडली तर ती फिरणार नाही. जागच्या जागी हूं हूं करत राहील, तापेल, आणि कोणी वेळेत बटण बंद केलं नाही तर वायंडिंग जळेल.

हा प्रश्न फक्त बांबूचा नाही. चंद्रपूरचा पूर्व भाग आणि गडचिरोली हा धानाचा पट्टा आहे. धान भरडायचा हलर, पिठाची चक्की, सुताराची रंधा मशीन, फॅब्रिकेशनवाल्याचं मोठं ड्रिल, या सगळ्यांच्या जरा मोठ्या मोटरी थ्री फेजच असतात. गावात थ्री फेज नसेल तर धान पोत्यात भरून तालुक्याच्या मिलवर न्यायचा, बांबू आणि लाकूड जसंच्या तसं विकायचं आणि त्यावरची मजुरी दुसऱ्या गावाला द्यायची, एवढंच उरतं. नाहीतर डिझेल इंजिन आहेच.

मग सिंगल फेजवरून थ्री फेज मशीन चालवता येते का? येते. चार रस्ते आहेत. त्यातला एक स्वस्त आणि बदनाम आहे, एक चांगला आहे, आणि चारही रस्ते एका ठिकाणी येऊन अडतात.

मोटर गुणगुणते, फिरत का नाही?

जत्रेतला हाताने ढकलायचा गोल पाळणा आठवा. त्याच्याभोवती तीन माणसं सारख्या अंतरावर उभी राहिली आणि एकामागून एक ढकलत गेली, तर पाळणा एका दिशेने सुरळीत फिरतो. थ्री फेज मोटरमध्ये हेच होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा वरखाली होते. तीन फेजमध्ये हे वरखाली होणं एकाच वेळी होत नाही, प्रत्येक फेज आधीच्या फेजच्या १/१५० सेकंद मागे असतो. त्यामुळे मोटरच्या आत गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मधला रोटर त्याच्यामागे ओढला जातो. पाटीवर १४४० आरपीएम लिहिलेलं असतं ते यामुळेच. क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे मारतं, रोटर थोडा मागे राहतो.

सिंगल फेजमध्ये ढकलणारा माणूस एकच, आणि तोही एकदा ढकलतो, एकदा ओढतो. पाळणा जागेवर थरथरतो. गंमत म्हणजे कोणी हाताने आधी गती दिली, तर तो त्याच दिशेने फिरत राहतो. जुने लोक शाफ्टला दोरी गुंडाळून, झटका देऊन मोटर चालू करायचे, ते याच तत्त्वावर. (कृपया करून बघू नका. त्यात बोटं जातात.)

म्हणजे अडचण विजेच्या 'ताकदीची' नंतर येते, आधी येते ती विजेच्या आकाराची. दोन फेज कुठून तरी तयार करायचे आहेत.

हे काम आपल्या डोळ्यांसमोर रोज होतं

बल्लारशा स्टेशनवर उभं राहून विजेवरचं इंजिन बघा. वर तार एकच आहे, २५ हजार व्होल्टची, सिंगल फेज. परतीचा रस्ता रुळांतून. आणि डब्ल्यूएपी-७ सारख्या इंजिनाची चाकं फिरवणाऱ्या सहाही मोटरी थ्री फेज आहेत. जुन्या पिढीतल्या विद्युत इंजिनांमध्ये मुख्य मोटरी डीसी होत्या, पण त्यांना थंड ठेवणारे पंखे आणि कॉम्प्रेसर थ्री फेजवर चालायचे. त्यांच्यासाठी इंजिनात 'आर्नो कन्व्हर्टर' नावाचं फिरतं यंत्र बसवलेलं असे. ते सिंगल फेज घ्यायचं आणि थ्री फेज द्यायचं. म्हणजे टोल्यावरच्या पोरांचा प्रश्न रेल्वेने कित्येक दशकांपूर्वी सोडवलाय, तोही दोन वेगवेगळ्या पद्धतींनी.

घरचा इन्व्हर्टर एसी असेल तर तोही आतल्या आत हेच करतो. प्लग साधा सिंगल फेजचा, कॉम्प्रेसरच्या मोटरला मात्र तीन वायरी जातात.

आणि चंद्रपूर तर वीज बदलण्याचं मोठं केंद्रच आहे. इथल्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची १,५०० मेगावॉटची एचव्हीडीसी लाइन जाते. या टोकाला एसी विजेची डीसी करायची, त्या टोकाला डीसीची पुन्हा थ्री फेज एसी. भद्रावतीलाही पश्चिम आणि दक्षिण भारताचं ग्रिड जोडणारं असंच एक केंद्र आहे. ज्या जिल्ह्यात हे सगळं चालतं, त्याच्या शेजारच्या टोल्यावर पाच एचपीची मोटर फिरू नये, हे जरा टोचतंच.

रस्ता पहिला: कंडेन्सर

हा बदनाम रस्ता. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तो शिकवावा लागत नाही.

२००० च्या दशकातलं भारनियमन आठवत असेल. शेतीपंप बंद राहावेत पण घरातले दिवे चालू राहावेत, म्हणून गावांना ठरावीक वेळेत सिंगल फेज वीज द्यायची पद्धत आली. त्याच काळात अक्षय प्रकाश योजना आली. गावाने भारनियमनाच्या वेळेत मोटरी चालवायच्या नाहीत, बदल्यात संध्याकाळी दिवे मिळतील, असा तो सौदा होता. लोकांनी त्यावर उपाय शोधला. स्टार्टरमध्ये फेज गेल्यावर मोटर बंद करणारी सुरक्षा असते, ती बायपास करायची आणि तिसऱ्या वायरीला कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, लावायचा. पंप सुरू. गुजरातेत याच जुगाडाला 'टोटा' म्हणायचे. तिथे तो इतका पसरला की दिवे आणि पंप यांच्या लाइन मुळातच वेगळ्या करणं भाग पडलं.

कपॅसिटर करतो काय? तो त्याच्यातून जाणारा प्रवाह व्होल्टेजच्या पुढे ढकलतो. त्यामुळे तिसऱ्या वायरीवर थोडा 'वेळ चुकवलेला', नकली फेज मिळतो आणि मोटरला दिशा मिळते. २३० व्होल्टवर दर किलोवॉटला साधारण ७० मायक्रोफॅरड, असा अंदाज धरतात. १ एचपीला मग ५० च्या आसपास.

पण हा तिसरा फेज फक्त एकाच लोडवर बरोबर बसतो. मशीनमध्ये जाड बांबू घातला की लोड बदलतो, तोल बिघडतो. तिन्ही फेजच्या व्होल्टेजमध्ये फक्त ३.५ टक्के तफावत असली तरी मोटरची तापमानवाढ सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होते, असा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे. कंडेन्सरवर तफावत याहून बरीच मोठी असू शकते. ताकदही पूर्ण मिळत नाही, दोन तृतीयांश मिळाली तरी खूप. सुरुवातीचा जोर त्याहून कमी, म्हणून पंख्यासारखी हलकी सुरू होणारी मशीन चालते आणि दाणे भरलेला हलर बसतो. रिवायंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटरींची रांग लागते ती अशीच.

दुसरा धोका इतरांना आहे. लाइनवरचा एक फेज बंद असताना अशी मोटर फिरत राहिली, तर ती बंद फेजवर उलटं व्होल्टेज तयार करू शकते. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या माणसाला ते कळत नाही.

(एक गोंधळ इथेच दूर करू. महावितरण शेतीपंपांना कपॅसिटर लावा म्हणून स्वतःच सांगतं. तो वेगळा वापर. तिथे तिन्ही फेज हजर असतात आणि कपॅसिटर फक्त पॉवर फॅक्टर सुधारतो. वस्तू एक, काम दोन.)

रस्ता दुसरा: मोटरीनेच फेज बनवायचा

हा रेल्वेच्या आर्नो कन्व्हर्टरचा गावठी भाऊ. एक मोठी थ्री फेज मोटर घ्यायची, तिला काहीही काम जोडायचं नाही. कपॅसिटरच्या मदतीने ती सिंगल फेजवर सुरू करायची. एकदा फिरायला लागली की तिच्या तिसऱ्या टर्मिनलवर आपोआप वीज तयार होते, कारण फिरणारी मोटर थोडीफार जनरेटरही असते. त्या तीन वायरी घेऊन बाकीच्या मशीन चालवायच्या.

याला रोटरी फेज कन्व्हर्टर म्हणतात. अमेरिकेतल्या हौशी सुतारांच्या आणि लेथवाल्यांच्या शेडमध्ये तो सर्रास सापडतो. एकाच वेळी दोनतीन मशीन चालतात, लोड बदललेला तो बऱ्यापैकी सोसतो. पण रिकामी मोटर दिवसभर आवाज करत वीज खाते, आणि ती सगळ्यात मोठ्या मशीनपेक्षा मोठी हवी.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. घरात येणारी सिंगल फेज २३० व्होल्टची असते, तर बाजारातल्या थ्री फेज मोटरी ४१५ व्होल्टच्या. २३० टाकून २३० च मिळणार. यातून सुटका छोट्या मोटरींना आहे. ३ एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटरी आतून 'स्टार'मध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनलच्या डब्यात सहा टोकं बाहेर आलेली असली, तर पट्ट्या बदलून ती 'डेल्टा' करता येते आणि मग तीच मोटर २३० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. ५ एचपी आणि वरच्या मोटरी बहुधा आधीच डेल्टामध्ये असतात. त्यांना खरे ४१५ व्होल्ट लागतात, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आला.

रस्ता तिसरा: व्हीएफडी

मला विचाराल तर एका छोट्या मशीनसाठी हाच. व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा. पडघ्याच्या लाइनचं खेळण्याएवढं रूप म्हणा. आत आलेली सिंगल फेज वीज आधी डीसी करायची, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या स्विचांनी तिच्यातून नवे तीन फेज घडवायचे. तोल उत्तम, मोटर हळूहळू वेग घेते त्यामुळे सुरुवातीचा झटका नाही. सिंगल फेज २३० व्होल्ट आत, थ्री फेज २३० व्होल्ट बाहेर असे ३ एचपीपर्यंतचे डबे सहज मिळतात. बांबू कापायच्या, फाका पाडायच्या छोट्या मशीन साधारण याच टप्प्यात येतात. मोटर डेल्टामध्ये बदलायला मात्र विसरायचं नाही.

बाजारात थेट '२३० आत, ४१५ बाहेर' असं लिहिलेले कन्व्हर्टरही मिळतात. ते महाग पडतात. आणि कोणी थ्री फेज इनपुटचा साधा ड्राइव्ह "सिंगलवरही चालतो" म्हणून गळ्यात मारत असेल, तर त्याची क्षमता निम्मी धरा. ५ एचपीच्या मोटरला १० एचपीचा डबा.

इथली खास अडचण दोन गोष्टींची आहे: ऊन आणि भुसा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बरेच ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण ताकद देतात. पत्र्याच्या शेडमध्ये, पिठाच्या किंवा लाकडाच्या भुकटीत उघडा लावलेला डबा पहिल्याच उन्हाळ्यात 'ट्रिप' होत राहील. तो भिंतीच्या सावलीकडे, बंद पेटीत, हवा खेळेल असा लावावा लागतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये स्विच ठेवायचा नाही. चालू-बंद ड्राइव्हवरूनच करायचं.

रस्ता चौथा: मोटरच बदला

यात काही कौशल्य नाही, म्हणून कोणी सांगत नाही. ३ एचपीपर्यंतच्या सिंगल फेज मोटरी सगळीकडे मिळतात. जुनी थ्री फेज मोटर विकून तिच्या जागी तेवढ्याच आरपीएमची आणि तेवढ्याच शाफ्टची सिंगल फेज मोटर बसवली, की प्रश्न संपला. गावातल्या चक्कीला हे अनेकदा सगळ्यात स्वस्त पडतं.

चारही रस्ते कुठे अडतात?

डीपीवर. कन्व्हर्टर विजेचा आकार बदलतो, विजेचं प्रमाण वाढवत नाही.

५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट. मोटरमधली गळती धरून ती साधारण ४.४ किलोवॉट ओढते. थ्री फेजवर हा भार तीन वायरींत वाटला जातो, प्रत्येकीला ७ ते ८ अँपिअर. सिंगल फेजवर सगळं एकाच वायरीतून, म्हणजे कमीत कमी १९ अँपिअर, आणि साध्या ड्राइव्हमुळे पॉवर फॅक्टर खालावला तर २८ पर्यंत. आता टोल्यावरची डीपी १० केव्हीएची असेल, तर तिची एकूण ऐपतच ४३ अँपिअरच्या आसपास. संध्याकाळी सगळ्या घरांचे पंखे आणि टीव्ही चालू असताना तुम्ही मशीन लावली, तर शेजाऱ्याचा बल्ब मंद होणार आणि भांडण ठरलेलं. लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. नियमाने ते ठरलेल्या आकड्याच्या ६ टक्के वरखाली एवढंच हलायला हवं.

म्हणून १० एचपीच्या हलरसाठी कन्व्हर्टर शोधू नका. तिथे खरी थ्री फेज लाइनच लागते.

कायद्याची बाजूही आहे. घरगुती मीटरवर धंद्याची मशीन चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. पिठाची गिरणी, राइस मिल, आरागिरणी यांचा दर लघुदाब औद्योगिक गटात येतो. त्यामुळे कन्व्हर्टर लावला तरी जोडणी वेगळी घ्यावी लागते. लाकडासाठी आरा मशीन बसवायची असेल तर वन विभागाचा परवाना हा आणखी निराळा विषय. तो नसेल तर फेज कितीही असोत.

मग थ्री फेज मागायची कशी?

आधी टोल्याच्या डीपीपर्यंत चालत जा आणि वर बघा. डीपीला येणाऱ्या ११ केव्हीच्या लाइनला तीन तारा असतील, तर काम तुलनेने सोपं आहे. डीपी बदलायची आणि पुढच्या खांबांवर तारा वाढवायच्या. तिथे दोनच तारा असतील, तर तिसरी तार मागच्या मोठ्या लाइनपासून ओढत आणावी लागेल, आणि ती कदाचित काही किलोमीटर जंगलातून येईल.

नवी लाइन टाकावी लागत नसेल तर ग्रामीण भागात १५ दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत जोडणी द्यावी, असं केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांमध्ये २०२४ साली दुरुस्ती करून ठरवलं आहे. लाइन वाढवायची असेल तर ही मुदत लागू होत नाही, आणि इथली बहुतेक प्रकरणं नेमकी याच खान्यात पडतात.

गुजरातने २००३ मध्ये ज्योतिग्राम योजना सुरू केली तेव्हा शेतीला ८ तास आणि गावाला २४ तास थ्री फेज, असं वाटप केलं. पुढच्या अभ्यासांमध्ये फायदा ठळक दिसला तो शेतीबाहेरच्या छोट्या धंद्यांना. महाराष्ट्रातलं गावठाण फीडर वेगळे करण्याचं काम याच जातीचं. गावातला फीडर वेगळा झाला की कारखान्याची वेळ शेतीच्या पाळीवर अवलंबून राहत नाही. नाहीतर थ्री फेज रात्री असेल तर मशीनही रात्रीच चालवायची, आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बाजूला वाघाच्या भीतीने रात्री घराबाहेर पडणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसाला सांगायला नको.

सूर्याचाही एक पर्याय आहे. सौर कृषिपंपाचा कंट्रोलर पॅनेलच्या डीसीतून पंपासाठी थ्री फेज बनवतो, व्हीएफडीसारखाच. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत 'युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर' नावाचा प्रकार मान्य आहे. पंप बंद असताना त्याच पॅनेलवर पिठाची चक्की किंवा कडबाकुट्टी चालवता येते. धानाला पाणी द्यायचे दिवस सोडले तर पॅनेल रिकामंच असतं, त्यामुळे अर्ज करताना कंट्रोलर कोणता मिळणार हे विचारून घ्यायला हवं.

जंगलातून लाइन न्यायची म्हटलं की "वन विभागाची परवानगी नाही" हे उत्तर अनेकदा ऐकू येतं. वनहक्क कायदा २००६ मध्ये यासाठी रस्ता ठेवलेला आहे. कलम ३(२) मध्ये गावासाठीच्या १३ सुविधांची यादी आहे, तिच्यात वीजवाहिन्याही आहेत. एका सुविधेसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागणार असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर जमीन देता येते.

ग्रामसभेची ताकद या जिल्ह्याला नवी नाही. लेखा-मेंढाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. तिथून पुढे बांबू कोणाचा हा प्रश्न सुटला. त्याच्या पट्ट्या, काड्या, फर्निचर कुठे बनणार, हा प्रश्न चिचपल्लीच्या बांबू प्रशिक्षण केंद्रातून शिकून गावी परतलेल्या प्रत्येकाला पडतो. चार पोरांनी वेगवेगळे अर्ज करण्यापेक्षा चक्की, हलर आणि बांबूची शेड यांचा भार एकत्र लिहून, ग्रामसभेचा ठराव जोडून एकच मागणी केली, तर डीपी बदलायचं कारण कागदावर दिसतं. अर्जात प्रत्येक मोटरचे एचपी लिहावे लागतात. ते त्या पत्र्याच्या पाटीवर असतात, आणि पाटी वाचायची वेळ टेम्पो ठरवण्याच्या आधीची आहे.